वॉरंटची 'चेरी पाय', पंचेचाळीसची रेकॉर्ड आणि तिची मागची बाजू

खरखर

मंडळी, परवा पोस्टमन एक चपटं चौकोनी पाकीट देऊन गेला. आत सात इंची रेकॉर्ड, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी, म्हणून तिला नुसतं 'पंचेचाळीस' म्हणतात. वॉरंट या अमेरिकन बँडचं 'चेरी पाय', ब्रिटनमध्ये १९९० साली निघालेली प्रत. घरात कौतुक करणारं कुणी नाही. बायकोनं उलटसुलट करून पाहिली, "याला पैसे दिलेस?" एवढं म्हणाली आणि कुकर लावायला गेली. म्हणून हा धागा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर एक जत्राच भरली होती. केसांवर डबाभर स्प्रे, डोळ्यांत काजळ, तंग विजारी, आणि गाणी मात्र कानाला चक्क गोड. मॉटली क्रू, रॅट, पॉयझन वगैरे. तेव्हा त्याला ग्लॅम म्हणायचे, पुढे चेष्टेनं 'हेअर मेटल' हे नाव चिकटलं. वॉरंट ही या जत्रेत उशिरा पोचलेली मंडळी. पहिला अल्बम १९८९ चा. त्यातलं 'हेवन' बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या, यादीत थेट दुसऱ्या नंबरावर गेलं. दुकान थाटलं तेव्हा बाजार उठायला जेमतेम दोन वर्षं उरली होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

दुसऱ्या अल्बमचं काम जवळजवळ संपलं होतं. नाव ठरलं होतं 'अंकल टॉम्स केबिन'. त्याच नावाचं गाणं आहे त्यात: भ्रष्ट पोलिसांनी केलेला खून, तो पाहणारा साक्षीदार, असा मामला. गिटारची सुरुवात गायक जॅनी लेनच्या भावानं वाजवली आहे. म्हणजे पोरांना जरा वजनदार काहीतरी करायचं होतं. अशात कोलंबिया रेकॉर्ड्सचे प्रमुख डॉन आयनर यांचा फोन आला. एरोस्मिथचं 'लव्ह इन अॅन एलिव्हेटर' नुकतंच गाजलेलं. तसलं एखादं सगळ्यांनी मिळून ओरडायचं गाणं यात कुठाय, असा सवाल. लेननं एका रात्रीत, पिझ्झाच्या खोक्यावर म्हणे, 'चेरी पाय' लिहून काढलं. कंपनी खूश. इतकी खूश की अल्बमचं नाव बदललं, कव्हर त्या नावाला साजेसं झालं, आणि जाहिरात, व्हिडिओ, दौरा सगळं त्या एका गाण्याच्या दावणीला बांधलं गेलं. सप्टेंबर १९९० मध्ये अल्बम आला. गाणं दहाव्या नंबरावर, अल्बम सातव्या. अमेरिकेत वीस लाखांवर खपला.

आता रेकॉर्डकडे येतो. कागदी कव्हरच्या तीन कडा ठीक, चौथी उंदरानं नव्हे पण काळानं कुरतडलेली. मधल्या लेबलवर 'सीबीएस' आहे, 'कोलंबिया' नाही. युरोपात कोलंबिया हे नाव ईएमआयकडे होतं, त्यामुळे अमेरिकन कोलंबियाचा माल तिकडे सीबीएस म्हणून निघायचा. सोनीनं १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली, १९९० मध्ये ईएमआयकडून कोलंबिया हे नावही मिळवलं आणि जुनी पाटी उतरवली. म्हणजे माझ्या हातात आहे ती उतरत्या पाटीखालची रेकॉर्ड.

सुई ठेवली. आधी नुसता गळ्यांचा कोरस, तोही पहिल्या अल्बमच्या नावानंच सुरू होणारा, मग ढोल. तीन मिनिटं वीस सेकंद. मधला सोलो वॉरंटच्या गिटारवाल्यांचा नाही, तो पॉयझनच्या सी. सी. डेव्हिलचा. सोलो कसला, चिवड्यातला लवंगी फटाका. ऐकताना पन्नाशीतला माणूस मान हलवतोय हे आरशात दिसलं आणि थांबलो.

आणि मग उलटली.

मागच्या बाजूला 'थिन डिस्गाइज' आहे. हे गाणं अल्बमवर नव्हतंच. संथ, दुखरं, नातं संपल्यावर माणूस जे तोंडानं बोलत नाही त्याबद्दलचं. तोच गळा, तीच बँड, पण पुढच्या बाजूचा माणूस हा नव्हेच असं वाटतं. मी पुढची बाजू गेल्या आठवड्यात दोनदा लावली असेल. मागची पंधरा-सोळा वेळा.

कुणाकडे आहे का ही? अमेरिकन पंचेचाळीस कुणी पाहिली आहे का? आणि मी म्हातारा झालोय की 'थिन डिस्गाइज' खरंच चांगलं आहे?

नुसताच_वाचक

शीर्षक वाचून वाटलं कुणाच्या तरी पायाला काहीतरी झालंय. चेरीचा पाय म्हणजे सांधेदुखीवरचा काढा असेल म्हणून आलो. वाचतोय.

डबल_बास_दणका

खरखर, तुमच्याबद्दल आदर होता हो. 😀

जरा कॅलेंडर बघा. सप्टेंबर १९९०. त्याच महिन्यात मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' आला. त्याच महिन्यात जुडास प्रीस्टचा 'पेनकिलर', तोही अमेरिकेत कोलंबियाचाच. जुलैत पँटेराचा 'काउबॉइज फ्रॉम हेल', ऑक्टोबरात स्लेयरचा 'सीझन्स इन द अबिस'. आख्खं ताट वाढलेलं असताना तुम्ही बडीशेप चघळताय.

शिवाय हे हेवी मेटल आहे का? 'पोअर सम शुगर ऑन मी' मधून डेफ लेपर्ड वजा करा, उरतं ते 'चेरी पाय'.

खरखर

दणकासाहेब, बडीशेप जेवणानंतरच खातात, मी सगळं ताट चाटूनपुसून खाल्लंय. 'पेनकिलर' ची एलपी माझ्याकडे आहे, दोन प्रती आहेत, एक तुम्हाला देणार होतो, आता विचार करतो.

मेटल आहे की नाही या वादात मी पडत नाही. दुकानदार ज्या कप्प्यात ठेवायचा तो कप्पा खरा.

शाई_सांडली

धाग्याचा रंगाचा बेरंग करायला आलेय, पण कुणीतरी बोललंच पाहिजे.

मी तो व्हिडिओ पाहिला आहे. बॉबी ब्राउन नावाची मॉडेल, लाल कपडे, तिच्या मांडीवर पडणारा पायचा, म्हणजे त्या गोड पदार्थाचा, तुकडा, तिच्यावर पाण्याचा पाइप सोडणारे आगीच्या बंबाच्या वेषातले बाप्ये. गाणं अख्खं एका बाईला खाद्यपदार्थ समजून लिहिलेलं. कॅनडाच्या मचम्युझिक वाहिनीनं बायकांचा अपमान करणारा म्हणून तो दाखवायलाच नकार दिला होता, आणि १९९० मध्ये दिला होता. म्हणजे "तेव्हा असंच चालायचं" हे म्हणायचीही सोय नाही. तेव्हाही लोकांना दिसत होतं.

एका रात्रीत लिहिलं, वरून हुकूम आला होता, ही सबब होऊ शकत नाही. हुकूम 'सगळ्यांनी ओरडायचं गाणं' एवढाच होता. ओरडायला दुसरं काही सापडलं नाही?

खरखर

शाईताई, मुद्दा मान्य, पूर्ण. मी व्हिडिओची वकिली करत नाही. गाण्याचीही फारशी नाही.

एक भर: त्या बॉबी ब्राउनशी लेननं १९९१ मध्ये लग्न केलं, १९९३ मध्ये मोडलं. म्हणजे कॅमेरा बंद झाल्यावर ती नुसती व्हिडिओतली मुलगी राहिली नव्हती. यानं व्हिडिओ सुधारत नाही, माहीत आहे.

त्याच अल्बमच्या शेवटी 'ओड टू टिपर गोर' नावाचा तुकडा आहे, नुसत्या शिव्या जोडून केलेला. टिपर गोर बाईंनी १९८५ मध्ये गाण्यांच्या शब्दांवर इशाऱ्याचे शिक्के लावायची मोहीम काढली होती, तिला हे उत्तर. पंचविशीतल्या पोरांचं उत्तर जसं असावं तसंच.

शाई_सांडली

शिव्यांना माझी हरकत नाही. शिव्या निदान प्रामाणिक असतात.

बाकी 'थिन डिस्गाइज' आत्ता ऐकलं. हं. हे बरं आहे. मग हे अल्बमवर का नव्हतं?

खरखर

तोच तर प्रश्न आहे.

एडिसनचे नाना

नमस्कार. उशिरा आलो, इकडे सकाळ झाली आत्ता.

मी १९९० मध्ये न्यू जर्सीत शिकायला होतो. खिशात पैसे नसायचे, तरी शनिवारी मॉलमध्ये चक्कर व्हायची. खरं सांगतो, तेव्हा तिथं सात इंची रेकॉर्ड औषधालाही मिळत नव्हती. सिंगल, म्हणजे अल्बमऐवजी एखादंच गाणं, घ्यायचं म्हणजे कॅसेट सिंगल. पातळ पुठ्ठ्याचं आवरण, खालून कॅसेट आत सरकवलेली, प्लॅस्टिकची डबी नाही. खिशात दोन दिवस राहिली की आवरणाचा लगदा. सीडीनं एलपीला १९८८ मध्येच मागं टाकलं होतं, आणि दुकानदारांना न खपलेल्या रेकॉर्डी परत करायला कंपन्या त्रास द्यायच्या, मग कोण ठेवतंय? मी वॉरंटचं 'आय सॉ रेड' कॅसेटवर घेतलं होतं. तेही गंमत म्हणजे दहाव्या नंबरापर्यंतच गेलं होतं. ते बॅलड, म्हणजे संथ, हळवं गाणं आहे आणि 'चेरी पाय' पेक्षा शंभर पटीनं बरं आहे. पण वॉरंट म्हटलं की कुणाला आठवतं का?

मग अमेरिकेत तेव्हा पंचेचाळीस छापायचे कुणासाठी? ज्यूकबॉक्ससाठी. बारमधली, डायनरमधली नाणं टाकायची यंत्रं. ती काही एका रात्रीत सीडीवर गेली नाहीत. त्यामुळे त्या काळातली अमेरिकन प्रत दिसली तर ती एखाद्या बारमधून आलेली असण्याची शक्यता दाट.

आणखी एक. अमेरिकन पंचेचाळीसला मधलं भोक मोठं असतं, दीड इंचाचं. आरसीए व्हिक्टरनं १९४९ मध्ये पंचेचाळीस आणली तीच या भोकासकट, आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्राच्या जाड दांड्यासाठी. ब्रिटनमध्ये छोटं भोक, आणि ज्यूकबॉक्सवाल्याला हवं तर मधली चकती ठोकून काढायची. तेव्हा खरखर, अमेरिकन प्रत घेणार असाल तर मधला अॅडॉप्टर लागेल. नाहीतर रेकॉर्ड ताटलीवर झिंगल्यासारखी फिरेल.

रंगभवन_मागची_रांग

नाना, मस्त.

आमच्याकडची गंमत वेगळीच. आम्हाला रेकॉर्ड नाही, कॅसेट सिंगल नाही, काहीच नाही. १९९१ नंतर गच्चीवर डिश लागल्या, स्टारवर एमटीव्ही दिसायला लागला, आणि एकदम सगळं सोबत आलं. आमच्या दृष्टीनं वॉरंट आणि निर्वाणा एकाच आठवड्यात जन्मले. सकाळी केस फुगवलेली मंडळी, संध्याकाळी फ्लॅनेलचे मळके शर्ट. आधी कोण, नंतर कोण, कोण कुणाला संपवतंय, काही पत्ता नव्हता. कोरी टीडीके कॅसेट आणून टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर धरायचा, आणि नेमकं सोलोच्या वेळी आई विचारणार, "दूध आलं का रे?" माझ्या 'चेरी पाय' मध्ये सी. सी. डेव्हिलसोबत आमची आई आहे.

धोबीतलावच्या रंगभवनात, आय-रॉक या रॉकच्या मेळाव्याला, हे गाणं कुणी वाजवलं असतं तर लोकांनी स्टेजवरून खाली ओढला असता. तिथं दणकासाहेबांची जमात बसायची.

डबल_बास_दणका

मी होतो तिथे. ओढला असता. पहिला हात माझा.

सव्वादोन ग्रॅम

जरा कामाचं बोलतो.

१. नाना म्हणाले तशी ज्यूकबॉक्समधली प्रत असेल तर आधी पाहा ती व्हायनलची आहे की पॉलिस्टायरीनची. कित्येक अमेरिकन पंचेचाळीस स्टायरीनच्या असायच्या. साच्यात प्लॅस्टिक सोडून बनवलेल्या, दाबून नव्हे. ओळखायची कशी? लेबल वरून चिकटवलेला कागद वाटतो, व्हायनलमध्ये लेबल रेकॉर्डीसोबतच दाबलेलं असतं. स्टायरीन कडक असते, कडेवर नखानं टिचकी मारली की कप फुटल्यासारखा टक् आवाज येतो. व्हायनलचा बोदा येतो. वाकवून बघायचं धाडस करू नका, स्टायरीन वाकत नाही, तुटते. आणि ती लवकर झिजते. चार-पाचशे वेळा वाजलेली असेल तर पहिल्या खाचांमध्ये नुसतं शूं... ऐकू येईल.

२. खरखर, तुमची ब्रिटिश प्रत कागदी कव्हरमध्ये उघडीच येते ना? तो कागद दरवेळी बारीक ओरखडे पाडतो. आत पॉलिथीनचं पातळ आवरण घाला. पण पीव्हीसीचं जाड पारदर्शक नको, दोन-तीन पावसाळ्यांत त्यातलं रसायन बाहेर येतं आणि रेकॉर्डवर दुधट धुकं बसतं, ते जात नाही. डोंबिवलीत राहता, बुरशीचं वेगळं सांगायला नको.

३. धुवायची तर शुद्ध पाणी (बॅटरीत घालतात ते चालेल), त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं. लेबल ओलं करू नका. आणि हाच प्रयोग आजोबांच्या ७८ वर करू नका, त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलनं लाख विरघळते. एका मित्रानं नाट्यसंगीताच्या तीन रेकॉर्डी अशा 'स्वच्छ' केल्यात. आता कोऱ्या आहेत.

४. शेवटच्या कोरसला आवाज फाटतोय असं वाटत असेल तर घाबरू नका. सुई आत जाते तसा एका फेरीत तिच्याखालून सरकणारा खाचेचा पल्ला आखूड होत जातो, तेवढ्याच आवाजासाठी नागमोडी दाट होते, सुई अडखळते. सात इंचीत ही अडचण असतेच. कार्ट्रिज (सुई ज्यात असते तो भाग) नीट बसवला की बरंच सुधारतं.

खरखर

सव्वादोन, दंडवत. मुद्दा दोन कालच अमलात आणला.

ग्रेडिंगबद्दलही रडून घेतो. विक्रेत्यानं लिहिलं होतं 'व्हेरी गुड प्लस'. आपल्याला वाटतं प्लस म्हणजे किती चांगली! या धंद्यात मिंट, निअर मिंट, मग प्लस, मग साधी व्हेरी गुड. आणि 'गुड' म्हणजे जवळपास भंगार. शाळेतल्या प्रगतिपुस्तकात "समाधानकारक" लिहायचे त्यातला प्रकार. माझ्या प्रतीवर पुढच्या बाजूला एक ओरखडा आहे, सोलोच्या बरोबर आधी. दर फेरीला टिक्. टिक्. टिक्. सहा वेळा. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणतो, वाजते ना?

मागच्या बाजूला एकही नाही. आरशासारखी.

नुसताच_वाचक

इतकं वाचल्यावर दोन्ही गाणी ऐकली. (पायाचा गैरसमज दूर झाला.) या गायकाचं पुढं काय झालं?

रंगभवन_मागची_रांग

मी सांगतो, मला त्या माणसाची फार हळहळ वाटते.

ओहायोतल्या अॅक्रनचा. १ फेब्रुवारी १९६४ चा जन्म. आडनाव ऑस्वाल्ड, आणि घरच्यांनी नाव ठेवलं जॉन केनेडी. केनेडींना मारल्याचा आरोप ज्याच्यावर होता तो ऑस्वाल्ड, आणि खून होऊन तीन महिनेही झाले नव्हते. काय विचार करत होते देव जाणे. पुढे नाव बदललं. मुळात ड्रम वाजवणारा, मग गायक झाला. वॉरंटची गाजलेली गाणी बहुतेक सगळी यानंच लिहिलेली.

१९९२ मध्ये 'डॉग ईट डॉग' आला. आधीच्या दोन्हींपेक्षा जड, गंभीर. दणकासाहेब, तुम्हालाही चालेल असा. खपला नाही. लेन एक किस्सा सांगायचा: कोलंबियाच्या ऑफिसात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर कायम वॉरंटचं भलंमोठं पोस्टर असायचं. एक दिवस गेले तर त्या जागी अॅलिस इन चेन्सचं, म्हणजे मळक्या शर्टांच्या नव्या लाटेतल्या बँडचं. तेव्हाच कळलं, आपलं संपलं.

अॅलिस इन चेन्सचा 'फेसलिफ्ट' ही कोलंबियाचाच, ऑगस्ट १९९०. 'चेरी पाय' च्या आदल्या महिन्यात. एकाच इमारतीतून दोन्ही बाहेर पडले.

डबल_बास_दणका

'डॉग ईट डॉग' ऐकला आहे. चोरून. चांगला आहे. हे इथंच राहू द्या.

शाई_सांडली

आणि 'चेरी पाय' बद्दल तो स्वतः काय म्हणायचा?

रंगभवन_मागची_रांग

व्हीएच-वन वाहिनीनं २००६ मध्ये मेटलच्या इतिहासावर मालिका केली होती. त्यात तो कॅमेऱ्यासमोर बसून म्हणतो की हे गाणं लिहिल्याबद्दल डोक्यात गोळी घालून घ्यावीशी वाटते. मरेन तेव्हा माझी ओळख 'चेरी पायवाला' अशीच राहणार, हेही. ती क्लिप पाहवत नाही. हसतोय, पण डोळे हसत नाहीत. नंतर त्यानं सांगितलं की तेव्हा दिवस वाईट चालले होते, गाण्यावर इतका राग नाही, लोकांना आवडतं याचा आनंदच आहे.

११ ऑगस्ट २०११ ला लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागात एका हॉटेलच्या खोलीत सापडला. दारू. ४७ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी बातम्यांचे मथळे काय होते ते सांगायला नकोच.

शाई_सांडली

हं.

मी गाण्याबद्दलचं माझं मत बदलत नाहीये. पण त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं हे दिसतंय.

सव्वादोन ग्रॅम

लागलं असेल, पण मी व्यवहाराचंही बघतो. त्या गाण्यामुळेच अल्बम वीस लाखांवर गेला. नाहीतर 'अंकल टॉम्स केबिन' या नावानं आला असता, पाच लाख खपला असता, आणि आज इथं धागा नसता. 'अंकल टॉम्स केबिन' हे गाणं पुढे सिंगल म्हणून आलंच, ७८ व्या नंबरापर्यंत गेलं.

खरखर

गेलं असेल. पण कंपनीनं ठरवलेलं गाणं आणि माणसानं ठरवलेलं गाणं यांत कोण जास्त टिकतं, हे खपावरून कसं ठरवणार? बिलबोर्डच्या हॉट हंड्रेडमध्ये शिरायचं तर गाणं दुकानात विकायला असलंच पाहिजे, असा नियम १९९८ पर्यंत होता. म्हणून काहीतरी छापावंच लागायचं. आणि छापायचं तर मागची बाजू रिकामी ठेवता येत नाही. तिथं काहीतरी टाकायचं. अल्बमवर न बसलेलं, कुणी न मागितलेलं. या अडगळीत मला दरवेळी काहीतरी सापडतं. सीडी आली आणि ही अडगळच गेली.

असो. पावसाळा संपेपर्यंत धागा थंड राहील असं दिसतंय. दणकासाहेब, 'पेनकिलर' घेऊन जा येऊन.

एडिसनचे नाना

धागा वर काढतोय, कारण तसंच आहे.

काल इथून तासाभरावर जुन्या वस्तूंचा बाजार असतो तिथं गेलो होतो. एका गृहस्थाकडे पंचेचाळीसचे आठ खोके, पुठ्ठ्याचे, बिअरच्या कंपनीचे. ज्यूकबॉक्स दुरुस्त करायचा धंदा होता म्हणाला, बंद केला. खोक्यांवर काही लिहिलेलं नाही. दीड तास उकिडवा बसून चाळले, गुडघे गेले. तिसऱ्या खोक्यात, लायनेल रिची आणि कुठल्यातरी कंट्रीवाल्याच्या मध्ये, कव्हर नसलेली, नुसत्या पांढऱ्या कागदात: वॉरंट. लाल लेबल, कोलंबिया, मोठं भोक. मागं 'थिन डिस्गाइज'.

सोबत ज्यूकबॉक्सवर लावतात ती टाइप केलेली चिठ्ठीही होती. वर 'चेरी पाय', मध्ये बँडचं नाव, खाली 'थिन डिस्गाइज'. वरच्या नावापाशी कागद बोटांनी काळा पडलाय. खालचा पांढरा.

उन्हात तिरकी धरून बघितली. पुढची बाजू पार करडी, एकही खाच चमकत नाही, तव्यासारखी. मग उलटली. खरखर, शपथेवर सांगतो, मागच्या बाजूत मला माझा चष्मा दिसत होता.

खरखर

नाना.

किती मागतोय?

एडिसनचे नाना

तीन डॉलर म्हणाला. चिठ्ठीसकट. अॅडॉप्टर वेगळा, तोही घेतलाय. डिसेंबरात येतोय ठाण्याला.